लाल्याचे बी

ट्युलिप म्हटले की हॉलंड आठवते. 1637 साली तेथे कंदांचे भाव कोसळले, ती गोष्ट जगभर सांगितली जाते. पण हे फूल तेथे कोठून गेले, हे आम्ही मुसलमान वाचकही सहसा विचारत नाही.

फारसी-तुर्कीत त्याचे नाव लाले. मध्य आशियाच्या डोंगरउतारांवर ते रानोमाळ फुलते. बाबराने काबूलच्या परिसरात त्याचे तीसहून अधिक प्रकार मोजवून घेतले होते. उस्मानी तुर्कांनी ते इस्तंबूलच्या बागांत रुजवले. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ या शब्दांची अक्षरे तीच. अबजदनुसार दोहोंची बेरीज 66. म्हणून या फुलाला वेगळाच मान होता.

कंद लावला तर मूळ फुलासारखेच फूल येते. नवा रंग हवा तर बी पेरावे लागते. थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखे एकच पान येते आणि सुकते. मातीखाली इवलासा कंद उरतो. पहिले फूल दिसायला पाच ते सात वर्षे जातात, आणि तेही मनासारखे येईलच असे नाही. सुलतान सुलेमानचे शेखुल इस्लाम अबुस्सुऊद एफेंदी (मृत्यू 1574) हेही लाल्याचे नामांकित शौकीन म्हणून ओळखले जातात. फतवे देणारा हा आलिम एका फुलासाठी इतका सब्र करी!

त्याच शतकात बी आणि कंद इस्तंबूलहून व्हिएन्नाला गेले. क्लुसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1593 मध्ये लायडनला आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बागेत ट्युलिप फुलले.

इस्तंबूलमध्ये 1718 ते 1730 या काळाला पुढे इतिहासकारांनी ‘लाले युग’ म्हटले. कंदांची किंमत इतकी चढली की तिसऱ्या अहमदच्या सरकारला दर ठरवून द्यावे लागले. 1730 च्या बंडात वजीर इब्राहिम पाशा मारला गेला, सुलतान पदच्युत झाला.

खंजिरासारख्या पाकळ्यांचे ते वाण आज जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यांची रूपे जुन्या चित्रांत दिसतात. कंद दरवर्षी जपला नाही तर वाण संपतो, आणि बियांतून तो जसाच्या तसा परत येत नाही.

आमच्या आजीची बोली, तिची गाणी यांचेही असेच आहे. जे आहे ते जपावे लागेल, आणि नवे पेरून वर्षानुवर्षे वाटही पाहावी लागेल. आम्ही यांपैकी काय करीत आहोत?