फेर धरणारीं मुलें आणि प्रशियाचा हुकूम

१८४९ च्या उन्हाळ्यांत जर्मनीच्या थुरिंगिया प्रदेशांतील लीबेनस्टाइन या आरोग्यस्थानीं हवापालटासाठीं उतरलेल्या एका सरदारघराण्यांतील बाईंच्या कानांवर गांवांतली एक थट्टा आली. एक म्हातारा नुकताच तेथें राहावयास आला होता आणि खेड्यांतल्या पोरांना जमवून तो त्यांच्याबरोबर नाचत-बागडत असे. म्हणून लोकांनीं त्याचें नांव ‘खुळा म्हातारा’ असें पाडलें होतें. बाईंचें नांव बेर्था फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो. त्यांनीं स्वतः जाऊन पाहिलें, तों पिकल्या लांब केसांचा एक उंच गृहस्थ अनवाणी मुलांना जोडीजोडीनें टेकडीवर नेत होता आणि गाण्याच्या तालावर खेळवीत होता. तो म्हातारा म्हणजे फ्रेडरिक फ्रोबेल. त्या वेळीं त्याचें वय ६७ वर्षांचें होतें.

बालशिक्षणाच्या इतिहासांत हा वेडेपणा मोठ्या मोलाचा ठरला. फ्रोबेलचा जन्म १७८२ चा. वर्ष पुरें होण्याच्या आंतच त्याची आई वारली आणि पाद्री असलेले वडील धर्मकार्यांत गुंतलेले. मातेच्या मांडीवरील खेळ ज्याला लाभला नाहीं, त्यानेंच पुढें जगांतील मातांसाठीं खेळगीतांचें पुस्तक सिद्ध करावें, हा योग विलक्षण खरा! १८३७ मध्यें ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० मध्यें तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हें नांव दिलें. त्या काळच्या अनेक शिशुशाळांतून मुलांना पायऱ्यापायऱ्यांच्या बांकांवर बसवून घोकंपट्टी चाले. मुलानें हलूं नये, हीच शिस्तीची पहिली अट. फ्रोबेलनें नेमकें उलट धरलें. मूल हलतें म्हणूनच शिकतें, असें त्याचें म्हणणें होतें.

त्याचे खेळ दिसावयास अगदीं साधे होते. मुलांनीं हात धरून फेर करावा. तोच कबुतरांचा खुराडा. फेरांतल्यांनीं हात उंचावले कीं दार उघडलें; मधलीं मुलें पंख पसरून बाहेर उडालीं, आणि फिरून घरीं आलीं. कधीं सारी रांग गोगलगायीच्या शिंपल्यासारखी आंत आंत वळत जाई आणि पुन्हां उलगडे; कधीं फेर गिरणीच्या चाकासारखा हळू किंवा जलद फिरे. तान्ह्या मुलासाठींहि त्याची योजना होती. १८४४ च्या त्या पुस्तकांत आईनें बाळाचा हात वातकुक्कुटासारखा फिरविण्याचा एक खेळ आहे. वारा दिसत नाहीं, पण त्याच्यामुळें वस्तु हलते, ही जाणीव बाळाला शब्दांच्या आधीं मनगटांतून व्हावी, हा त्यांतील हेतु. फेरांत पहिला कोणी नसतो, शेवटचा कोणी नसतो. आणि मुख्य म्हणजे, पाहणारा कोणी नसतो. जो तो नाचणाराच.

१८५० च्या ऑगस्टांत जवळच्या आल्टनस्टाइन येथें शेंकडों मुलांचा खेळोत्सव झाला. फ्रोबेलच्या आयुष्यांतील तो बहुधा सर्वांत आनंदाचा दिवस असावा. पुढील वर्षींच, ७ ऑगस्ट १८५१ रोजीं, प्रशियाचे शिक्षणमंत्री फॉन राउमर यांच्या हुकुमानें त्या राज्यांत किंडरगार्टनला बंदी झाली. नास्तिकता आणि समाजवाद, असा आरोप! १८४८ च्या क्रांतीनें हादरलेल्या सरकारला सर्वत्र बंडच दिसत होतें. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल हा पुढारलेल्या मतांचा. त्याच्या एका पुस्तिकेचें खापर काकाच्या माथीं फुटलें. हा घोटाळा फ्रोबेलनें सरकारच्या नजरेस आणला, तरी बंदी उठली नाहीं. २१ जून १८५२ रोजीं तो निवर्तला तो हा कलंक माथ्यावर घेऊनच. टेकडीवर ‘खुळा म्हातारा’ पाहिलेल्या त्या बाईंनीं मात्र नेट सोडला नाहीं. १८६० मध्यें बंदी उठली, आणि त्यांच्यासारख्यांच्या खटपटीनें किंडरगार्टन देशोदेशीं गेलें.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. प्रशियाच्या हुकुमाला जें साधलें नाहीं, तें शिष्यांच्या भक्तीला साधूं लागलें. गुरूनें सुचविलेल्या प्रत्येक हालचालीचे नियम झाले. कबुतरानें पंख कोणत्या शब्दावर उचलावा, तो किती उचलावा, हें शिक्षिका ठरवूं लागली. खेळाची कवाईत झाली. १८९० मध्यें ॲना ब्रायन या अमेरिकन शिक्षिकेनें जाहीर भाषणांत या अक्षरपूजेवर बोट ठेवलें. पुढें जिनीव्हाच्या जाक-दालक्रोझनें संगीत शरीरानें शिकविण्याची पद्धति रचली व १९११ मध्यें ड्रेस्डेनजवळ हेलेराउ येथें तिची संस्था उभी राहिली. १९०७ मध्यें रोममध्यें बालगृह उघडणाऱ्या माँटेसोरीबाईंनीं जमिनीवर आंखलेल्या रेषेवरून मुलांना तोल सांभाळीत चालविलें. दोघांच्या वाटा भिन्न, तरी मुलाचा देह हा त्याच्या बुद्धीचा शत्रु नव्हे, हें दोघांनाहि मान्य होतें.

हा प्रवाह महाराष्ट्रांत आणण्याचें श्रेय मुख्यतः ताराबाई मोडक यांचें. १९२३ पासून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून त्यांनीं १९३६ मध्यें दादरला शिशुविहार काढलें, आणि १९४५ मध्यें त्या बोर्डीच्या खेड्यांत गेल्या. तेथें अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनेंच त्यांच्या अंगणांत जावें, हा त्यांचा निर्णय. १९५७ मध्यें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. भोंवतालच्या वारली पाड्यांवर तारपा वाजूं लागला कीं वादकाभोंवतीं माणसें हातांत हात गुंफून फेर धरीत. फेर काय असतो, हें तेथल्या मुलांना कोणी परदेशी पंडितानें सांगावयास नको होतें! १९७५ मध्यें सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें.

शहरांतल्या सुशिक्षित घरांतून आज चार वर्षांचें मूल स्नेहसंमेलनांत रंगीत पोशाख घालून उभें राहतें. महिनाभर घोटून घेतलेलीं पावलें टाकतें. एखादें चुकलें तर भेदरून आईकडे पाहतें. टाळ्या पडतात. त्यांत कोणाचाहि दुष्ट हेतु नसतो. ॲना ब्रायननें ज्यांना दोष दिला, त्या शिक्षिकांचाहि नव्हता. हुकुमानें आलेली बंदी नऊ वर्षांनीं उठली. प्रेमानें घातलेली बंदी उठविण्यास कोणत्याहि मंत्र्याची सही लागत नाहीं. संध्याकाळीं घरांतल्या चार माणसांनीं मुलाचा हात धरून फेरांत शिरावें, आणि पाहणारा म्हणून कोणी उरूं नये, एवढेंच पुरें.