लठ्ठपणा आणि 'एफटीओ' जनुक

एकाच घरात, एकाच चुलीवरचे जेवण जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी एक सडपातळ राहतो आणि दुसऱ्याचे वजन मात्र वाढत जाते. अशा वेळी खादाडपणा आणि आळस या दोन गोष्टींवर खापर फोडले जाते. परंतु व्यक्ती-व्यक्तींच्या वजनातील फरकामध्ये आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४० ते ७० टक्के असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

सर्वसामान्य लठ्ठपणाशी निगडित असलेला पहिला ठोस जनुकीय दुवा २००७ मध्ये हाती लागला. ब्रिटनमधील पेनिन्सुला मेडिकल स्कूल आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ३८ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीच्या आधारे १६व्या गुणसूत्रावरील 'एफटीओ' जनुकाच्या एका प्रकाराकडे लक्ष वेधले. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. ज्यांच्या दोन्ही प्रती या प्रकारच्या होत्या, अशा सुमारे १६ टक्के प्रौढांचे वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने अधिक भरले.

हे कसे घडते, याची उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळत गेली. स्कॉटलंडमधील मुलांच्या २००८ मधील अभ्यासात, हा प्रकार असलेल्या मुलांचा कल अधिक उष्मांकाच्या पदार्थांकडे असल्याचे आढळले. पुढे २०१५ मध्ये आणखी एक बाब उघड झाली. हा बदल 'आयआरएक्स३' आणि 'आयआरएक्स५' या शेजारच्या जनुकांचे कार्य वाढवतो. त्यामुळे मेदपेशी ऊर्जा जाळण्याऐवजी साठवण्याकडे झुकतात.

भारतीयांच्या दृष्टीने पुण्यातील संशोधन विशेष महत्त्वाचे ठरते. पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची 'सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी' ही संस्था यांच्या २००९ मधील अभ्यासात 'एफटीओ'चा टाइप-२ मधुमेहाशी संबंध दिसला. केवळ वाढलेल्या वजनाने त्याचा पूर्ण उलगडा होत नव्हता. म्हणजेच, अंगाने फार स्थूल न दिसणाऱ्यांनीही गाफील राहून चालणार नाही.

तथापि, जनुक म्हणजे विधिलिखित नव्हे. दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती २०११ मध्ये एकत्रित तपासली असता, शारीरिकदृष्ट्या सक्रिय असलेल्यांमध्ये या जनुकामुळे येणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी आढळला. त्यामुळे स्थूल व्यक्तीला दोष देणे जितके अनुचित, तितकेच 'आमच्या घराण्यातच आहे' असे म्हणून व्यायाम टाळणेही चुकीचे ठरते.