फुटलेला पेला आणि फुटलेलें मडकें



बरींच वर्षें झालीं. अलिबागेस माझ्या एका बेने इस्राएल विद्यार्थ्याच्या लग्नाला मी गेलों होतों. विधि तेथल्या सिनॅगॉगमध्यें होता. त्या समाजाच्या जुन्या बोलींत सिनॅगॉगला 'मशीद' म्हणत. द्राक्षरसाचा घोट घेऊन वरानें पेला खालीं आपटून फोडला, तेव्हां माझ्या शेजारीं बसलेली त्या घरची हिंदु शेजारीण हळूच म्हणाली, "मास्तर, मंगलकार्यांत हें फोडणें कसलें हो?"

बाईंचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे भांडें फुटतें तें स्मशानांत. खांद्यावर पाण्याचें मडकें घेऊन मुलगा चितेभोंवतीं फिरतो, प्रत्येक फेऱ्याला दगडानें त्यास छिद्र पाडतात आणि शेवटीं मागें न पाहतां तो तें टाकून देतो. ज्यानें तो आवाज एकदां ऐकला, त्याला लग्नमंडपांत तसा आवाज कसा सोसावा?

यहुदी लोकांचें उत्तर असें. यरुशलेम येथील त्यांचें मंदिर रोमन सैन्यानें इसवी सन ७० मध्यें जाळलें. आयुष्यांतील अत्यंत सुखाच्या क्षणींहि त्याचा विसर पडूं नये म्हणून पेला फोडावयाचा. आनंदांत दुःखाची आठवण ते अशी बुद्ध्या ठेवतात. आपण दोहोंना एकमेकांच्या वाऱ्यालाहि उभें करीत नाहीं. नांदीश्राद्धांत पितरांना बोलावतों खरे, पण तेहि हसतमुखानें येणारे पितर!

दोन्ही विवाहांत खरा भेद साक्षीचा आहे. हिंदु विवाहाचा साक्षी अग्नि. होम झाला, सातवें पाऊल पडलें, कीं विवाह पुरा झाला. कागदाची गरज पूर्वीं नव्हती. यहुदी विवाहांत अग्नि नाहीं. तेथें दोन साक्षीदार लागतात आणि 'कतुबा' नांवाचा करारलेख लागतो. पत्नीचें अन्नवस्त्र, आणि घटस्फोट झाल्यास किंवा पति वारल्यास तिला द्यावयाची रक्कम, हें सारें त्यांत लिहिलेलें असतें. चार खांबांवरील छताखालीं वधूवर उभीं राहतात व सात आशीर्वचनें म्हटलीं जातात. तिकडे सात आशीर्वचनें, इकडे सात पावलें. म्हणून दोन्ही विधि एकाच मुळाचे, असा तर्क करणारे भेटतात. मला तो पटत नाहीं. सात ही संख्या कित्येक लोकांना प्रिय आहे.

आतां आमच्या कोंकणांतील गोष्ट. बेने इस्राएलांची परंपरा सांगते कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवजवळ फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि किनाऱ्यास लागलेलीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं. म्हणजे या भूमीवर त्यांनीं केलेलें पहिलें धर्मकृत्य अंत्यविधीचें होय. पुढें ते गांवोगांव तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनांवें गांवांवरून पडलीं: केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. हिब्रू ग्रंथ जवळ नाहींत, धर्मगुरु नाहीं, अशा स्थितींत शब्बाथ, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढ्या सामग्रीवर त्यांनीं शतकें काढलीं. मुंबईंत त्यांचें पहिलें सिनॅगॉग सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें, तें फार पुढें.

या समाजानें शेजाऱ्यांचें काय घेतलें हें पाहण्यासारखें आहे. लग्नांत त्यांनीं मोकळ्या हातानें घेतलें. हळद घेतली, मेंदी घेतली, काळ्या मण्यांचें मंगळसूत्र घेतलें. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नांवानें पोहे, गूळ, खोबरें व फळें यांचा मलिदा करतात. त्या ताटाकडे पाहून हें कोंकणाबाहेरचें आहे असें कोण म्हणेल? परंतु भोंवतालचे शेजारी चिता रचीत असतां यांनीं अग्नि घेतला नाहीं. प्रेत मातीसच द्यावयाचें, आणि शक्यतों त्याच दिवशीं. आपल्यांतहि लहान मुलें व संन्यासी पुरतात आणि लिंगायत समाज सर्वांनाच पुरतो, तेव्हां पुरणें कोणास विचित्र वाटलें नसावें.

यहुदी अंत्यविधींतील एक गोष्ट मला फार आवडते. प्रेताला स्नान घालून साधें पांढरें वस्त्र गुंडाळतात. गरीब असो, श्रीमंत असो, वस्त्र तेंच. पूर्वीं श्रीमंतांच्या प्रेतांचा थाट इतका वाढला होता कीं गरिबांना तो खर्च मृत्यूहून जड होई. तेव्हां रब्बान गमलिएल या वजनदार आचार्यानें स्वतःचें प्रेत साध्या वस्त्रांत नेण्यास सांगितलें, व तोच पायंडा पडला, अशी कथा तालमूदमध्यें आहे. आमच्याकडे तेराव्यासाठीं शेत गहाण टाकलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत.

त्यांचें सुतक सात दिवसांचें. घरचीं माणसें जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसतात. पहिलें जेवण घरच्या अन्नाचें नसावें, शेजाऱ्यांनीं आणावें: अंडीं, मसूर असें कांहीं. आपल्याकडे त्या दिवशीं चूल पेटत नाहीं, शेजारचें पिठलें-भात येतें. शास्त्रें निराळीं असलीं तरी दारांत झांकलेलें पातेलें घेऊन उभी राहणारी शेजारीण एकच.

पण शेजाऱ्याचें घेतलें तें सारेंच चांगलें नव्हतें. विधवेनें पुन्हां लग्न करूं नये ही रूढीहि या समाजानें उचलली. मोशेच्या नियमशास्त्रांत असा निषेध नाहीं. उलट निपुत्रिक मेलेल्याच्या विधवेशीं दिरानें लग्न करावें, अशी आज्ञा आहे. आमच्या घरांतील अंधार त्यांच्या घरांत गेला, हें आपण मान्य केलें पाहिजे.

या रूढीला पुढें चमत्कारिक वळण लागलें. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएल देशांत गेले. तेथील प्रमुख धर्मपीठानें १९६१ च्या सुमारास शंका काढली: या लोकांनीं घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्राप्रमाणें केले होते काय? इतर यहुद्यांशीं त्यांचा विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश निघाला. ज्या समाजांत विधवेचें लग्नच होत नसे, तेथें सदोष पुनर्विवाहाची शंका कितपत टिकावी? पण शंका टिकली. ज्यांनीं शतकानुशतकें शनिवारीं घाणा फिरविला नाहीं, त्यांना आपण यहुदी आहों हें सिद्ध करण्यासाठीं रस्त्यावर बसावें लागलें. १९६४ सालीं तेथील लोकसभेनें त्यांना सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचें मानावें असें ठरविलें, आणि आदेशांतील बेने इस्राएलांचा खास उल्लेख गाळण्यांत आला.

त्या देशांत त्यांच्या घरीं लग्नापूर्वीं मेंदीचा समारंभ आजहि होतो आणि मलिद्याचें ताट आजहि मांडलें जातें.