हायस्कूल गावात येते तेव्हा

मंडळाच्या मागच्या वार्षिक सभेत हजेरीपटावर सह्या चालल्या होत्या. बसल्या बसल्या एका भगिनीने गंमत म्हणून विचारले, "कोण किती शिकली ते सांगा पाहू." कोणी चौथी म्हणाली, कोणी सातवी. मॅट्रिक झालेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या, आणि त्याही बहुतेक धाकट्या सुना. तेव्हा हसण्यावारी गेले, पण घरी आल्यावर तो विचार डोक्यातून जाईना. चौथीवर थांबणाऱ्या चौथीवरच का थांबल्या आणि सातवीवर थांबणाऱ्या सातवीवरच का? आमची बुद्धी काही नेमकी त्याच इयत्तेला संपत नव्हती. वाडीत शाळा चौथीपर्यंत होती, मोठ्या गावात सातवीपर्यंत. त्यापुढे हायस्कूल, आणि ते होते नदीपलीकडे. म्हणून चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा खेड्यातल्या हायस्कुलाविषयीच लिहावे असे ठरवले.

आरंभ मुरबाडपासूनच करते. मुंबईत विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांतले एक थोर पुरुष, नाना शंकरशेट, यांचा जन्म १८०३ साली मुरबाडचा. एल्फिन्स्टनसाहेबाच्या वेळी मुंबईत शाळा काढण्यासाठी आणि शाळेची पुस्तके छापण्यासाठी जी मंडळी निघाली तिला नानांनी बळ दिले. १८४० नंतर सरकारी शिक्षण मंडळावर जे एतद्देशीय सभासद होते त्यांत ते होते. त्या मंडळाचे अध्यक्ष पेरीसाहेब यांचा आग्रह इंग्रजीतून शिकवण्याचा. नानांनी त्यांना विरोध केला आणि सामान्य रयतेला विद्या द्यायची तर ती तिच्याच भाषेतून दिली पाहिजे, ही बाजू धरली. आपल्याला विशेष सांगण्याजोगी गोष्ट आणखी निराळी आहे. १८४९ च्या सुमारास एल्फिन्स्टनमधल्या तरुण विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा एका शाळेला नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडून तेव्हा एखादेच वर्ष झाले होते. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास मिळणारी शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाची, हे तर पुष्कळांना ठाऊक असेल. चिंतामणराव देशमुखांनी ती १९१२ साली मिळवली होती.

मुरबाडच्या सुपुत्राने गिरगावात मुलींना जागा दिली. मुरबाडच्या रानातल्या मुलीला हायस्कूल दिसायला मात्र पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. यात नानांचा दोष नाही. हायस्कूल ही मुळी शहराची वस्तू होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि मॅट्रिकची परीक्षा हा त्याचा दरवाजा ठरला. त्या दरवाजापर्यंत नेणारी शाळा म्हणजे हायस्कूल. तेथे फी होती, इंग्रजी होते आणि वसतिगृहाचा खर्चही होता. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि पुढे गावोगावच्या हायस्कुलांना तेच नाव देण्याची चाल पडली. आजही एखाद्या आडगावी सारे शिक्षण मराठीतून चालते आणि पाटीवर मात्र 'न्यू इंग्लिश स्कूल' असते. पाहुणे हसतात. त्यांना हा इतिहास सांगावा.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात खेड्यातल्या हायस्कुलाचा धडा पाहायचा तर बोर्डीला जावे लागते. बोर्डी डहाणू तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ, अगदी समुद्राच्या काठी. स्टेशन घोलवड, तेच चिकूंचे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो मुलूख पालघर जिल्ह्यात गेला, शहापूर आणि मुरबाड ठाण्यात राहिले. पण त्याआधी कित्येक पिढ्या आपण एकाच जिल्ह्याच्या. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने १९१८ साली गोखले एज्युकेशन सोसायटी निघाली आणि दोनच वर्षांनी, १९२० साली, तिने बोर्डीला हायस्कूल काढले. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल हे त्याचे नाव. एका पारशी बाईंचे नाव शाळेला आहे, ही गोष्ट आम्हां बायकांना सुखवणारी आहे. मुंबई हाकेच्या अंतरावर असताना शिकलेल्या माणसांनी खेड्यात येऊन हायस्कूल चालवावे, हे त्या काळी नवलच होते.

या शाळेला आकार दिला आचार्य भिसे यांनी. हायस्कुलाच्या चार भिंतींत जे येतात त्यांनाच शिकवून मोकळे व्हावे, असे त्यांनी मानले नाही. बोर्डीच्या मागे डोंगराकडे वारली समाजाची वस्ती. सावकार आणि जंगल ठेकेदार यांच्या वेठीने तो समाज पिचलेला. त्यांची मुले हायस्कुलात यायची कशी? आधी पहिलीत यायला हवीत, त्याआधी पोटभर खायला हवे. म्हणून भिसे यांचे काम शाळेतून बाहेर पसरत गेले. बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने निघालेल्या आदिवासी सेवा मंडळाच्या कामात ते रमले, आणि जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर शेतीच्या शिक्षणाची संस्था उभी राहिली. माझ्या मते खेड्यातले हायस्कूल खेड्याचे झाले की नाही हे ओळखण्याची हीच खूण. निकालाचा आकडा प्रत्येक शाळा सांगते. पण जी मुले आली नाहीत त्यांची आठवण किती शाळा ठेवतात?

बोर्डीलाच १९४५ साली ताराबाई मोडक आल्या. गुजरातेत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे मोठे काम करून झाल्यावर, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी खेडे निवडले आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या हाताखाली आल्या अनुताई वाघ. या अनुताईंची हकीकत आपण प्रत्येकीने मुलीला सांगावी अशी आहे. लहानपणी लग्न, लगेच वैधव्य. पुढे शिक्षिकेचा पेशा, आणि दिवसा पुण्याच्या हुजूरपागेत शिकवून रात्रीच्या शाळेतून दिलेली मॅट्रिक. बी. ए. झाल्या तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि तिला नाव पडले अंगणवाडी. कोसबाडला गेल्यावर, गुरे राखणारी मुले कुरणातच सापडतात म्हणून कुरणशाळा काढली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना १९७५ सालची. त्या योजनेत आज आपल्यातल्या कित्येक जणी सेविका आणि मदतनीस आहेत. त्यांच्या दारावरच्या पाटीवरचा शब्द बोर्डीकडचा आहे.

आता आपल्याकडचे. शहापूर तालुक्याला आगगाडी लवकर मिळाली. १८६० च्या सुमारास ती आसनगावावरून कसाऱ्याला पोचली. मुरबाडला ती नव्हतीच. कल्याणाहून मोटार, आणि मोटार चुकली की पाय. पण गाडी दारावरून गेली म्हणून शाळा आली असे झाले नाही. तानसाचे पाणीही १८९२ पासून शहापूरच्या रानातून मुंबईला जात होते, त्याचप्रमाणे गाडीही जात होती. १९६२ साली लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली, प्राथमिक शाळा वाड्यांपर्यंत आल्या, आणि पुढे आश्रमशाळांनी ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या मुलांना राहण्याजेवण्यासह शिकण्याची सोय केली.

मी सातवी झाले १९६६ साली. माझा थोरला दादा तेव्हा नदीपलीकडे हायस्कुलात जात असे. अडीच कोस वाट, मध्ये काळू, आणि आमच्या बाजूला पूल नाही. पावसाळ्यात तो नातलगांकडे राही. मी शाळेत पहिली आले होते, म्हणून गुरुजी आमच्या ओटीवर येऊन बसले. बाबांनी चहा दिला, मान दिला आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीला सात यत्ता झाल्या, पुष्कळ झाल्या. नदीचं पाणी काय पोरगा-पोरगी बघतं का? पण माणसं बघतात." आई चुलीपाशी होती, ती काही बोलली नाही. त्या वर्षी आवणीला मी पहिल्यांदा पूर्ण दिवस शेतात उभी राहिले. बाबांवर माझा राग होता. पुढे माझ्याच मुलीला अंधार पडल्यावर यष्टीची वाट पाहत उभी राहिलेली पाहिले, तेव्हा तो थोडा कमी झाला. सगळा गेला असे म्हणणार नाही.

दादाकडून मात्र हायस्कुलाच्या सगळ्या परंपरा मला पाठ झाल्या होत्या. रोजची प्रार्थना. १ ऑगस्टला टिळकांवरची भाषणे, तीच ती शेंगांच्या टरफलांची गोष्ट दरवर्षी. दसऱ्याला एकाच्या आकड्यांनी पाटीवर काढलेली सरस्वती, तिच्यावर झेंडू आणि आपट्याची पाने. सुंदर अक्षराच्या मुलांनी लिहिलेले हस्तलिखित. शाळेच्या आवाराला मुलांनीच श्रमदानाने घातलेला बांध. स्नेहसंमेलनात दादाने आईचे लुगडे नेसून राणीचे काम केले होते. शाळेत मुली होत्या अवघ्या चार, आणि त्यांना नाटकात घेण्याची पद्धत नव्हती. ते लुगडे फाटून आले. ते मी शिवले.

आणखी एक परंपरा आपल्याच मातीची. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या रानात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. भाई माथेरानचे, वकील झालेले, गोरगरिबांच्या कामाला वाहून घेतलेले. त्या तारखेला सिद्धगडाकडे माणसांची रीघ लागते, आणि आसपासच्या शाळांतली मुले गुरुजींबरोबर जातात. दादा एका वर्षी चालत गेला होता. पाय सुजून आला, पण आठवडाभर बोलत होता.

आज काळूवर पूल आहेत. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, आणि खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी यष्टीचा पास मोफत आहे. तरी थांबण्याची जागा नाहीशी झालेली नाही, ती जरा पुढे सरकली आहे इतकेच. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नववीला मूल आले नाही तर विचारायला येणे कोणाच्या कर्तव्यात बसत नाही. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला नववीतली मुलगीच लागते. आपल्या आळीतही गेल्या वर्षी दोघी अशा थांबल्या. एकीकडे आपण तिघी जणी गेलो होतो. तिच्या बापाने चहा दिला. ती जूनपासून पुन्हा जाते आहे. दुसरीच्या घराला अजून कुलूप आहे.

माझे स्वतःचे राहिले. १९८६ साली १७ नंबरचा फॉर्म भरून मी दहावीला बसले. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. केंद्र त्याच नदीपलीकडच्या गावात होते. भूमितीच्या पेपराला माझ्याजवळ कर्कटक नव्हते. शेजारच्या बाकावरच्या पंधरा वर्षांच्या मुलीने आपले काम झाल्यावर पर्यवेक्षकांना विचारून ते माझ्याकडे सरकवले आणि हळूच म्हणाली, "घ्या मावशी, टोक जरा बोथट आहे."

पस्तीसला एक गुण जास्त मिळाला.