हृद्रोग्याचा शय्यावास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणींत गुठळी अडकलेल्या रोग्यास चार ते सहा आठवडे अंथरुणास खिळवून ठेवीत. कुशीवर वळण्याचीहि मुभा नसे. घांसहि परिचारिकेनें भरवावयाचा. दुखावलेल्या हृदयास विश्रांति हवी, हा विचार वरकरणी बिनतोड होता. परंतु निश्चल पायांत रक्त साकळे, त्याच्या गुठळ्या फुप्फुसांत शिरत आणि हृदयाच्या दुखण्यांतून वांचलेला रोगी कित्येकदां विश्रांतीलाच बळी पडे.

या रूढीस मोठा धक्का बोस्टन येथील डॉ. सॅम्युएल लीव्हाइन व डॉ. बर्नार्ड लाउन यांनीं दिला. त्यांनीं ८१ रोग्यांना लवकरच खुर्चीवर बसविलें व १९५२ सालीं तो अनुभव प्रसिद्ध केला. तरीहि १९५५ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारें सात आठवडे रुग्णालयांत काढावे लागले.

पुढें १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झूरिक येथें डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं छाती न उघडतां, मांडीच्या रोहिणींतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली आणि टोंकाचा फुगा फुगवून अरुंद वाट रुंद केली. ही वाट पुन्हां मिटण्याची भीति असे. १९८६ पासून वापरांत आलेल्या धातूच्या जाळीनें ती पुष्कळ कमी झाली. राहिली ती मांडीची जखम. तेथील रोहिणी मोठी व खोल. रक्त थांबावें म्हणून पाय तासन् तास सरळ ठेवावा लागे. १९९२ सालीं अॅम्स्टरडॅमचे डॉ. फर्डिनांड कीमेनाय यांनीं हाच उपचार मनगटांतून केला. वैद्य जेथें नाडी पाहतात, तेथें रोहिणी हाडालगत असते. वरून दाब दिला कीं रक्त थांबतें. निवडक रोग्यांना त्याच दिवशीं घरीं पाठवितां येतें, हें पुढील कांहीं वर्षांतच दिसून आलें.

२००२ सालीं फ्रान्समधील रुआँ येथें डॉ. आलँ क्रिबिए यांनीं नळीवाटेंच महारोहिणीची झडप बसविली. आज असेहि कांहीं रोगी दुसऱ्या दिवशीं घरीं जातात. मात्र नव्या झडपेचा दाब हृदयांतील विद्युत्संदेशांच्या वाटेवर पडून ठोके मंदावण्याचा धोका असतो. तो कधीं कधीं कांहीं दिवसांनींहि प्रकट होतो. म्हणून हृदयाचा विद्युत्-आलेख पाहून, घरीं सोबत आहे का, याची चौकशी करूनच निरोप दिला जातो.

शय्येवरचे दिवस घटले, तरी पहारा घटलेला नाहीं. तो परिचारिकेकडून घरच्या माणसांकडे आला आहे. जखमेंतून रक्त, छातींत कळ वा भोवळ दिसतांच त्यांनीं रोग्यास तत्काळ परत नेलें, तरच लवकर मिळालेली सुटी ही खरी सुटका ठरते.