टॉवर रामंतापूरला, मैदान उस्मानियात

हैदराबादच्या अंबरपेठेतून पूर्वेला रामंतापूरच्या रस्त्याला लागलं की दूरदर्शनचं केंद्र येतं. आसपासच्या लोकांच्या तोंडी ते आजही 'टीव्ही स्टुडिओ'च आहे. अंबरपेठेच्या उत्तरेला उस्मानिया विद्यापीठाचं विस्तीर्ण आवार पसरलेलं आहे. कला महाविद्यालयाची गुलाबी ग्रॅनाइटची इमारत, वसतिगृहं आणि मैदानं, सगळं त्या आवारात सामावलेलं. एका बाजूला चित्र पाठवणारा टॉवर, दुसऱ्या बाजूला चित्र काढावं असा खेळ, आणि दोहोंमध्ये एक पेठ. तरीही विद्यापीठाच्या खेळाला पडद्यापर्यंत पोहोचायला फार वर्षं लागली.

मराठी माणसाला उस्मानिया परकं नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू होईपर्यंत तिकडच्या मुलांची पदवीची वाट उस्मानियावरूनच जायची. १९१८ साली उर्दू माध्यमातून सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची इमारत १९३९ च्या डिसेंबरात खुली झाली.

त्याच वर्षी १७ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रिन्स्टन आणि कोलंबिया या दोन विद्यापीठांचा बेसबॉलचा सामना एनबीसीने दूरचित्रवाणीवर दाखवला. कॅमेरा एकच होता. चेंडूच्या मागे धावता धावता तो मागेच पडायचा. प्रिन्स्टनने दहाव्या डावात २-१ असा सामना जिंकला. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दिसलेला हा पहिलाच बेसबॉल सामना, आणि तो व्यावसायिक संघांचा नसून विद्यार्थ्यांचा होता.

हैदराबादेत त्या काळी फुटबॉल जोरात होता. उस्मानियाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या 'इलेव्हन हंटर्स' या संघातून खेळलेले सय्यद अब्दुल रहीम अंबरपेठेला लागून असलेल्या काचीगुड्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढे हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं या संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. कूपरेजवर गर्दी करणाऱ्या मुंबईकरांना हैदराबादचा पासिंगचा खेळ तोंडपाठ झाला होता. भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून रहीमसाहेबांनी १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून दिली. मेलबर्नच्या १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. जून १९६३ मध्ये ते गेले. तोवर देशात दूरचित्रवाणी म्हणजे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालेला एक छोटा प्रयोग, एवढंच होतं.

क्रिकेटचीही तीच गत. आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५-३६ पासून खेळला जातो. कसोटी संघाची वाट तेव्हा बहुतेकांसाठी याच करंडकातून जायची. या स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून अजित वाडेकरांनी ३२४ धावांची खेळी केली होती. पुढे सुनील गावसकरांनी, त्याच विद्यापीठाकडून खेळताना, ३२७ धावा करून तो विक्रम मोडला. काही महिन्यांतच ते वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले. मुंबईत दूरदर्शन आलं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे त्या ३२७ धावा आज धावफलकावर वाचता येतात, पण त्यातला एखादा ड्राइव्ह कसा होता हे मैदानावर हजर असलेल्यांनाच विचारावं लागतं.

हैदराबादचा दूरदर्शनशी संबंध खेळापेक्षा शेतीतून आधी जुळला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना शेतीसारख्या विषयांचे कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. त्यात आंध्र प्रदेश होता आणि कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत हैदराबाद होतं. पाठोपाठ ऑक्टोबर १९७७ मध्ये हैदराबाद दूरदर्शन सुरू झालं. वाहिनी एक, प्रसारणाचे तास मोजके. त्यात बातम्या, शेती, नाटक आणि चित्रपट बसवायचे. मैदानावरून थेट प्रसारण करायचं तर बाह्य प्रसारणाची ओबी व्हॅन न्यायची, तीन-चार कॅमेरे लावायचे, केबल अंथरायच्या आणि व्हॅनवरची तबकडी टॉवरच्या रोखाने अचूक वळवायची. दोन कॉलेजांच्या सामन्यासाठी एवढा फौजफाटा हलवणं कोणत्याही केंद्राला जड जायचं. व्हॅन निघायची ती कसोटीसाठी.

म्हणून विद्यापीठाचा खेळाडू पडद्यावर दिसायचा तो विद्यापीठ सोडल्यावर. मोहम्मद अझरुद्दीन उस्मानियाच्या निजाम कॉलेजचे विद्यार्थी. १९८४-८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं झळकली, तेव्हा त्यांचं मनगट देशाने घरबसल्या पाहिलं. ते मनगट घडलं त्या कॉलेजच्या मैदानावर मात्र कॅमेऱ्याची नजर कधीतरीच वळे.

गंमत अशी की विद्यापीठं त्याच सुमारास टीव्हीवर आलीसुद्धा! १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' दूरदर्शनवर सुरू झाला. पुणे विद्यापीठात आणि उस्मानियाच्या शेजारच्या केंद्रीय इंग्रजी व परदेशी भाषा संस्थेत त्यासाठी चित्रीकरणाची केंद्रं उभी राहिली. कॅमेरे आले, संकलनाची सोय आली, माणसं तयार झाली. पण हे सगळं आलं ते वर्गातला पाठ देशाला दाखवण्यासाठी.

१९८४ हेच वर्ष अमेरिकेतही कलाटणीचं ठरलं. विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेने, एनसीएएने, १९५१ पासून अमेरिकन फुटबॉलचे किती सामने दाखवायचे यावर बंधन घातलं होतं. घरी सामना दिसला तर तिकीट कोण काढणार, ही धास्ती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ते बंधन मोडीत काढलं. विद्यापीठांचे संघ आपापले हक्क विकू लागले आणि शनिवारचा पडदा त्यांनी भरून गेला.

भारतात अशी दारं उघडली ती क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रसारणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. निकाल देणाऱ्या तीन न्यायमूर्तींत महाराष्ट्राचे पी. बी. सावंत होते आणि पूर्वी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले बी. पी. जीवन रेड्डी होते. त्याच वर्षी हैदराबादेतून ईटीव्हीची तेलुगू वाहिनी सुरू झाली. जुलै २००० मध्ये रामोजी फिल्म सिटीतून ईटीव्ही मराठी सुरू झाली आणि महाराष्ट्रातले कितीतरी तरुण पत्रकार बिऱ्हाड घेऊन हैदराबादला आले. वाहिन्या वाढल्या, तास वाढले, पण खेळाचे पैसे क्रिकेटकडेच वळले.

विद्यापीठांच्या खेळाची पाळी आली ती फेब्रुवारी २०२० मध्ये. भुवनेश्वरला पहिल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ स्पर्धा झाल्या. खेळ १७, आणि प्रसारण देशभर. शेवटी पंजाब विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, दोघांचीही सुवर्णपदकं १७. रौप्यपदकं मोजावी लागली. पंजाबची १९ निघाली, पुण्याची ११. विजेतेपद चंडीगडला गेलं आणि पुण्याच्या मुलामुलींची ती झुंज महाराष्ट्रातल्या घरांत बसलेल्यांनी पाहिली.

अशा स्पर्धा आठ-दहा दिवसांच्या असतात. विद्यापीठाचं क्रीडावर्ष त्याहून कितीतरी मोठं. आंतरमहाविद्यालयीन फेऱ्या, विभागीय सामने, संघनिवड हे सगळं पाहायला मैदानाच्या कडेला मूठभर वर्गमित्र असतात. कबड्डी खेळणाऱ्या मुलीचा सामना तिच्या आईने गावी बसून बघावा, हरलेल्या संघाला आपली चढाई कुठे चुकली ते पुन्हा पाहता यावं, निवड समितीच्या हाती आकड्यांसोबत चित्रही असावं, यासाठी आता ओबी व्हॅन लागत नाही. दोन कॅमेरे, एक लॅपटॉप, बरं इंटरनेट आणि मराठी-तेलुगूत धावतं वर्णन करू शकणारे दोन विद्यार्थी पुरतात. पत्रकारितेचा विभाग उस्मानियात आहे, पुण्यातही आहे. उस्मानियात तर त्या विभागातून मैदानापर्यंत पायी जाता येतं.