दमणीची नातवंडं

पुतण्याला दुसरं मूल झालं आणि घरात गाडीचा विषय निघाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचं घर. दादा-वहिनी, पुतण्या, सून, पाच वर्षांची थोरली, हे तान्हं आणि माझी आई. सात डोकी. जुन्या गाडीत मागं तिघांच्या जागी चौघं बसायची आणि पाचवी मांडीवर. पण शेगावपर्यंत तसं कोंबून जमत नसे, मग कोणीतरी घरी थांबायचं, आणि ते कोण यावर आदल्या रात्री कुजबुज चालायची.

पुतण्याला एसयूव्ही हवी होती. उंच, दणकट, मागून येताना आरशात दिसली की पुढच्यानं आपोआप बाजू द्यावी अशी. सुनेचा डोळा बसक्या, लांबट, व्हॅनसारख्या तीन रांगांच्या गाडीवर होता. शोरूममध्ये दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या होत्या. आई आधी उंच गाडीकडे गेली. एका हातानं लुगड्याचा काठ वर घेतला, दुसऱ्या हातानं दाराच्या वरची मूठ धरली, पाय पायरीवर टेकवला आणि तशीच थांबली. पाय वर पोचला होता, गुडघा मात्र अंग उचलायला तयार नव्हता. शोरूमचा पोरगा पळत जाऊन प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. आईनं स्टुलाकडे पाहिलं, पाय खाली घेतला आणि म्हणाली, "आमच्या दमणीत चढाले स्टूल नोतं लागत."

पोराला दमणी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण आई जे बोलली त्यातच या सगळ्या भांडणाचं मूळ आहे, असं मला तेव्हापासून वाटू लागलं.

वऱ्हाडात बरी शेती असलेल्या घरी दोन गाड्या असत. एक कामाची बैलगाडी. तिच्यात शेणखत जायचं, कडबा यायचा, कापसाची गाठोडी खामगावच्या बाजाराला जायची. जाड आख, लोखंडी धावांची मोठी चाकं, खड्ड्यातून आणि काळ्या मातीच्या चिखलातून निघेल असा उंच साटा. दुसरी दमणी, खानदेशाकडे तिलाच डमणी म्हणतात. ती माणसांची. हलकी, आटोपशीर, वर कमानीचं छप्पर, आत गादी. लेक सासरी जाताना, बाळंतीण माहेरी येताना, म्हातारीला देवाला न्यायचं असताना दमणी निघायची. कामाच्या गाडीत माणसं बसत नसत असं नाही. जत्रेला सगळं गाव त्याच गाडीतून जायचं. पण ती मालासाठी बांधलेली आणि माणसं नंतर चढलेली. दमणी पहिल्यापासून माणसाच्या मापानं बांधलेली. व्हॅन आणि एसयूव्ही यांच्यात फरक आहे तो एवढाच, बाकी सगळी पत्र्याची आणि जाहिरातीची करामत.

जीप ही कामाच्या गाडीच्या घराण्यातली. 1940 मध्ये अमेरिकन लष्कराला हलकी, कुठंही जाणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीनं केला, पण लढाईत लाखांनी गाड्या बनवल्या त्या विलीज आणि फोर्डनं. 'जीप' हे नाव 'जी. पी.' या अक्षरांवरून आलं असं सांगतात. पण पॉपायच्या चित्रकथेत 1936 मध्येच 'जीप' नावाचा एक अचाट प्राणी आला होता, जो कुठूनही कुठेही जाऊ शकायचा. शिपायांनी गाडीला त्याचं नाव दिलं असावं, हे मला जास्त पटतं. शिपाई आद्याक्षरं कमी वाचतात आणि चित्रकथा जास्त.

युद्ध संपल्यावर ती मुंबईत उतरली. 1945 मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं 1948 मध्ये पाटीवर 'महिंद्रा अँड महिंद्रा' आलं. माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. जिल्ह्याच्या गावी जीप आली ती सरकारी म्हणून: तहसीलदाराची, फौजदाराची, जंगल खात्याची. जीप गावात शिरली की लोक उठून उभे राहायचे, आणि उंच गाडीपुढं उभं राहायची ती सवय अजून आपल्या अंगातून गेलेली नाही. पुतण्याला हवी असलेली बाजू बहुधा तिथूनच येते.

पण बुलढाणा जिल्ह्यानं जीपला नुसतं साहेबाचं राहू दिलं नाही. इथला भूगोलच तसा आहे. आगगाडी उत्तरेकडून जाते: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा काढला, तोही कापसासाठी. या रेल्वेमार्गाच्या दक्षिणेला अजिंठ्याचा डोंगर, वर बुलढाणा, पलीकडे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, आणि यातल्या एकाही गावाला रूळ नाही. मलकापूरला जायचं तर राजूर घाट, खामगावला जायचं तर बोथ्याचा घाट. एसटी होती, पण ती तिच्या वेळेला. आणि आजारी माणूस, बाजारचा दिवस, सैलानीची यात्रा यांना वेळापत्रक कळत नाही.

ही फट काळी-पिवळीनं भरली. सांगली-सोलापूरकडे जिला वडाप म्हणतात ती आपल्याकडे काळी-पिवळी. मुंबईच्या टॅक्सीचा रंग जीपला फासलेला. महिंद्राची कमांडर नाहीतर टेम्पो ट्रॅक्स. टेम्पो हे नाव मूळ एका जर्मन कंपनीचं. फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो उभी केली, आणि पुढं मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला टेम्पो म्हणू लागले. ट्रॅक्सला मागं समोरासमोर दोन बाक. गुडघ्यात गुडघे अडकलेले, मध्ये कोंबड्यांची पाटी, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना प्रवासी, त्यामुळे गिअर बदलायला तो शेजारच्याची परवानगी घ्यायचा. कागदावर माणसं किती आणि आत किती हा प्रश्न पोलीसही नाइलाज झाल्याशिवाय विचारत नसत. लढाईसाठी जन्मलेली गाडी चिखली-मेहकर रस्त्यावर निमूटपणे दमणीचं काम करत होती. आपल्याकडची व्हॅन अशी जीपच्याच पोटी जन्मली.

अमेरिकेत उलटा रस्ता होता. तिथं व्हॅन म्हणजे सामानाची बंद गाडी. शब्द मात्र आपल्या ओळखीचा: 'कॅरव्हॅन'चं शेपूट तोडून 'व्हॅन' झाली, आणि कॅरव्हॅन म्हणजे फारसीतला कारवाँ. आपल्याकडे मीठ-धान्याच्या गोण्या बैलांवर लादून जाणारे लमाणांचे तांडे होते, तोच प्रकार. हॅल स्पर्लिच या अभियंत्यानं फोर्डमध्ये असताना कुटुंबासाठी छोटी व्हॅन करू म्हणून हट्ट धरला. दुसऱ्या हेन्री फोर्डला ती पटली नाही. स्पर्लिचला जावं लागलं. तो क्रायस्लरला गेला, मागोमाग फोर्डनं काढलेला ली आयाकोका तिथंच आला. क्रायस्लर तेव्हा दिवाळखोरीच्या उंबऱ्यावर, सरकारच्या हमीवर कर्ज काढून जगत होती. 1983 च्या अखेरीस त्यांनी मिनीव्हॅन बाजारात आणली. अटी साध्या होत्या: घरच्या गॅरेजात मावली पाहिजे, गाडीचा तळ इतका खाली की आत सहज पाय टाकता आला पाहिजे, आणि चालवताना मोटारीसारखी वाटली पाहिजे. थोडक्यात दमणी. एका मॉडेलचं नावही त्यांनी 'कॅरव्हॅन' ठेवलं, तोडलेलं शेपूट परत जोडून.

पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये, फ्रान्सला रेनोची एस्पास निघाली, आणि त्याच वर्षी गुडगावहून मारुती व्हॅन. तिचं पुढं ओम्नी झालं. 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटांखाली, सरकतं दार, डबा कापून केल्यासारखा आकार. हिंदी सिनेमानं तिच्यातून इतकी माणसं पळवली की बदनाम झाली बिचारी. खरं तर तिनं पळवली ती शाळेची पोरं, रोज सकाळी, दप्तरांसकट. ओम्नी 2019 पर्यंत निघत राहिली. पण घाटात सात माणसं घेऊन चढताना तिचा जीव कासावीस व्हायचा, म्हणून आमच्याकडे ती गावातल्या गावातच राहिली.

अमेरिकेत एका पिढीनंतर मिनीव्हॅन पडली. पाडली ती तिच्यातच वाढलेल्या पोरांनी. आईनं शाळेत सोडायला आणायची ती गाडी त्यांना स्वतःसाठी नको होती. पर्याय 1990 मध्येच आला होता, फोर्डची एक्सप्लोरर: खाली मालवाहू पिकअपचा सांगाडा, वर घरच्यांसाठी सीटा, आणि जाहिरातीत डोंगर. बहुतेक गाड्यांनी डोंगर पाहिलाच नाही.

डोंगर रोज पाहणारे आम्ही. 1994 मध्ये टाटा सुमो आली. नाव जपानी पैलवानाचं वाटतं. आहे ते टाटांच्या टेल्को कंपनीचे सुमंत मूळगावकर यांचं, इंग्रजी स्पेलिंगातले 'सु' आणि 'मो'. मग 2000 मध्ये क्वालिस, त्याच वर्षी बोलेरो, 2002 मध्ये स्कॉर्पिओ, 2005 मध्ये इनोव्हा. यातली क्वालिसची कुळी मोठी गमतीची. टोयोटानं 1977 मध्ये इंडोनेशियासाठी एक स्वस्त कामाची गाडी काढली, नाव किजांग. किजांग म्हणजे भेकर, आपल्या सातपुड्याच्या जंगलात भुंकतं तेच. त्या भेकराला सीटा लावता लावता तिथली कुटुंबाची गाडी झाली आणि तिचंच एक पिल्लू क्वालिस नावानं आपल्याकडे आलं. इनोव्हाही त्याच वंशातली. जुन्या इनोव्हाचा सांगाडा आणि पुढाऱ्यांच्या फॉर्च्युनरचा सांगाडा एकाच घराण्यातला आहे. एकीला आपण कुटुंबाची व्हॅन म्हणतो, दुसरीला एसयूव्ही. आहेत सख्ख्या बहिणी, एक घर सांभाळणारी आणि एक मिरवणारी. 2022 च्या अखेरीस आलेल्या हायक्रॉसनं मात्र तो ट्रकी सांगाडा टाकला.

सरकारनं तर हा भेद टेपनं मोजायला घेतला. 2013 च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवर जादा अबकारी बसली तेव्हा एसयूव्ही म्हणजे काय हे लिहावं लागलं: लांबी 4 मीटरपेक्षा जास्त, इंजिन 1500 सीसीहून मोठं, पोटाखाली 170 मिलिमीटर किंवा जास्त जागा. कंपन्यांनी लगेच, ही एसयूव्ही नव्हेच, ही तर बहुउपयोगी गाडी, असं म्हणायला सुरुवात केली. 2023 च्या जुलैत जीएसटी परिषदेनं सांगितलं, नाव काहीही द्या, मापं ही असली तर कर तोच. आता 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांना 18 आणि मोठ्या गाड्यांना 40 टक्के आहे. लहान म्हणजे पुन्हा 4 मीटरच्या आत. 4 मीटर म्हणजे आपले पावणेनऊ हात. एवढ्यात सात माणसं कोंबायची कसरत बोलेरो मागं आडवे बाक टाकून करते.

हे सगळं मी शोरूममध्ये सांगत बसलो नाही. तिथं वेगळंच चाललं होतं. सुनेनं बसक्या गाडीची मधली सीट पुढं ढकलून तिसऱ्या रांगेत वाट होते का पाहिली. मग तिसरी रांग उभी ठेवून डिकी उघडली. ती गाडी एर्टिगा, नावातच सांगते: 'आर' म्हणजे रांग आणि इंडोनेशियन भाषेत 'तिगा' म्हणजे तीन. पण तिन्ही रांगा भरल्या की मागं उरतात 209 लिटर, दोन बॅगा आणि बाळाच्या दुपट्यांची पिशवी. उंच गाडीतही मागं फार उरत नव्हतं, हे पुतण्याला तिथंच कळलं. बाहेरून जेवढी मोठी दिसते तेवढी आत नसते. उंची बरीचशी चाकं आणि सांगाडा खाऊन टाकतात.

पुतण्याचा मुद्दा रस्त्याचा होता. शेतात जायचं, पावसाळ्यात काळ्या मातीत पाण्यातून गाडी काढायची, तर पोट वर हवं. खरं आहे. पण मी हिशेब मांडला. शेताला तो वर्षातले वीस दिवस गाडी घेऊन जातो, आणि तेव्हाही ती डांबरी सोडून खाली उतरवत नाही, पुढं पायी जातो. उरलेले दिवस शाळा, दवाखाना, शेगाव, आणि आता समृद्धी महामार्ग. मेहकरहून चढलं की नागपूर किंवा नाशिक, 120 ची मर्यादा, सरळसोट काँक्रीट. घाटानं आमच्याकडे जीप आणली होती. समृद्धीला उंच गाडीचं काही कौतुक नाही. त्या वेगावर जेवढी गाडी बसकी तेवढी ती जमिनीला धरून चालते. टायर मात्र थंड आणि हवा बरोबर हवी.

शेवटी आई बसक्या गाडीच्या मधल्या रांगेत बसली. आधी टेकली, मग दोन्ही पाय आत घेतले, कोणाचा हात न धरता. लुगडं सावरलं, काच खाली कर म्हणाली, आणि बसूनच राहिली. पुतण्यानं एकदा उंच गाडीच्या तोंडाकडे पाहिलं आणि विक्रेत्याला रंग कोणते आहेत ते विचारलं.

महिन्याभरानं गाडी आली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, आणि पहिली फेरी शेगावला. पुढं पुतण्या आणि दादा. मध्ये आई, वहिनी, सून, आणि सुनेच्या मांडीवर झोपलेलं तान्हं. तिसऱ्या रांगेत थोरली. मी निरोप द्यायला दारात उभा होतो, तर ती मागच्या काचेतून ओरडली, "आजोबा, माझ्या बाजूची जागा रिकामी आहे!"

मी आत शिरलो. बोथ्याचा घाट संपेपर्यंत माझे गुडघे हनुवटीला लागले होते.